हडळीचं कुंकू

बोरिवलीच्या बाजारातली ती मासळीवाली मला रोज दिसायची, पण नाव कधी विचारलं नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कोणी फार घासाघीस केली की कोयती थांबवून नुसती बघायची.

हॅलोविनच्या रात्री आमच्या फोटोग्राफर सरांना तिथेच, तिच्या मासळीच्या पाटीपाशी, तिचा हडळ म्हणून फोटो हवा होता. केस सोडायला ती हसत तयार झाली. सर मला म्हणाले, "कुंकू पूस."

सातवीत शाळा सोडून गावाहून आलेल्या मला मेकअपचं काम सरांनीच दिलेलं. मी ओला कापूस उचलला.

तिने माझं मनगट धरलं. "नवरा गेला तेव्हा सासूला पुसू दिलं नाय. तू कोण गं?"

"फोटोपुरतं गं, मावशी," सर हसले.

त्या हसण्याची चीड अजून जात नाही, माझ्या उचललेल्या हाताची तर त्याहून जास्त. काम जाईल हे माहीत होतं, तरी कापूस मी सरांच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच पुसा."

सरांनी तिच्या कोयतीकडे पाहिलं आणि कॅमेरा बॅगेत ठेवला.