खिडकी नावाच्या काकू

“ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना विचारलंत का?” असं म्हणून काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत बसायच्या.

मीरा-भाईंदरची माहिती गोळा करणारी आमची एक विकी आहे. म्हणजे अशी वेबसाइट, जिथे कुणीही लेख लिहावा, कुणीही दुरुस्त करावा. आम्ही काही हौशी माणसं तिची देखभाल करतो. तिथे ‘खिडकी’ या नावानं कुणीतरी लेखांतले लोकांचे फोन नंबर, घरचे पत्ते, आजारपणं काढून टाकायचं. मी वर्षभर त्या खिडकीशी भांडलो. कॉलेजातला कुणी आगाऊ मुलगा असणार, अशी माझी खात्री होती. मग एकदा सगळ्यांनी भेटायचं ठरलं, आणि पूनम सागर सोसायटीत माझ्याच जिन्यावर राहणाऱ्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या काकू पुढे येऊन म्हणाल्या, “मी खिडकी. भांडण इथेच पुढे चालवायचं, की आधी चहा मागवायचा?”

नोकरीत त्यांच्या कानावरून किती जणांची गुपितं गेली असतील. आम्ही खोदून खोदून विचारायचो. त्या म्हणायच्या, “ऐकू यायचं. पण ते माझं नव्हतं.”

आमच्यातल्या एका प्राध्यापकांनी भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या चौक गावच्या सुक्या बोंबलांवर सुंदर लेख लिहिला. त्यात बोंबील सुकवणाऱ्या एका कोळी बाईंचं नाव, मोबाइल नंबर, घराची खूण, आणि ‘धाकटी मुलगी नवऱ्याला सोडून माहेरी असते’ हेही होतं. काकूंनी ते काढलं. प्राध्यापकांनी परत घातलं.

“अहो, बाईंनी स्वतः सांगितलंय मला. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.”

“तुम्हाला सांगितलं. दवंडी पिटायला नाही सांगितलं.”

शेवटी रविवारी आम्ही तिघं बसनं चौकला गेलो. बाई बांबूंवर बोंबील टाकत होत्या. काकूंनी लेख मोठ्यानं वाचायला घेतला. बाई खूश.

“नंबर काढू नको गं बाय. गिऱ्हाईक येतंय त्याच्यावर. पुन्याहून पन फोन आला व्हता.”

काकूंचा चेहरा पडला. प्राध्यापकांचा फुलला. तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. “आई, खालचं पण ऐक.”

खालचं काकूंनी हळू आवाजात वाचलं. हातातला बोंबील तसाच धरून बाई ऐकत राहिल्या.

“मी मीरा रोडला दवाखान्यात कामाला लागलेय,” मुलगी म्हणाली. “तिथल्या एका मॅडमनी हे सगळ्यांसमोर वाचलं. परत जाणार की नाही, विचारलं. आता रोज कुणी ना कुणी समजूत काढतंय. उद्यापासून मी जाणारच नव्हते.”

“मला वाटलं, तुमचं कौतुक होईल,” प्राध्यापक म्हणाले.

“कौतुक आईचं करा ना, सर.”

प्राध्यापकांनी तिथेच मोबाइल काढून घाईघाईत नंबरासकट ती ओळ खोडली. पण विकीवर खोडलेलं खोडलं जात नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये ते कुणालाही सापडतं. त्या झाकायचा अधिकार माझ्याकडे होता. मी होडीच्या सावलीत बसून, रेंज येईल तशी एकेक आवृत्ती झाकत गेलो. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मुलगी स्वतःच्या फोनवर पुन्हा पुन्हा शोधत होती.

“नाही दिसत,” ती अखेर म्हणाली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

“मला का न्हाय सांगितलंस?” आईनं विचारलं.

“तू परत कुणालातरी सांगितलं असतंस.”

यावर सगळ्यात आधी आईच हसली. मग म्हणाली, “पन नंबर माजा हाय. मी सांगते, ऱ्हावं दे.” आणि काकूंनी, एकदा आपणच काढलेला नंबर, चष्मा पुसून स्वतःच्या हातानं परत लिहिला.

येताना पिशवीभर बोंबील होते. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘लिफ्ट में ये स्मेल किसके घर से?’ काकूंनी ताबडतोब उत्तर दिलं, ‘ग्रुप पे किसी का नाम मत पूछिए.’

आता काकू नागपूरला लेकीकडे राहायला गेल्यात. जाण्याआधी त्यांनी खातं बंद केलं, खात्याचं नावही बदलून घेतलं. त्यांच्या दुरुस्त्यांपुढे आता नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. नवे लोक विचारतात, हे कोण? आमच्या एक काकू, एवढंच आम्ही सांगतो. तुम्हीही तेवढ्यावरच भागवा.

मध्यंतरी फोटो काढायला चौकला गेलो होतो. मुलगी कामावर गेली होती, त्याच दवाखान्यात. बाईंनी मला लांबूनच ओळखलं. “ती बाय कुठं हाय?” मी नागपूरला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या पालथ्या टोपलीवर बसल्या, पदर सावरला आणि एकदम आवाज खाली आणला. मी उठून पाण्यापर्यंत चालत गेलो.

बऱ्याच वेळानं मागे वळून बघितलं. बोंबलांवर कावळे उतरले होते, आणि एका हातानं त्यांना हाकलत बाई बोलतच होत्या.