वरच्या खोलीतलं मोरपंखी कपाट

लग्न होऊन मी लोह्याहून लातूरला आले, पण आमच्या घराला वरची खोली आहे हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मागच्या अंगणातून जिना वर जायचा, पण पायऱ्यांवर तुळशीच्या कुंड्या आणि रिकामे डबे ठेवलेले असायचे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे सासू-सासरे त्याच खोलीत झोपले होते. भिंतीला एक तडा गेला, तो बुजवलाही. पण तेव्हापासून सासूबाई जिना चढल्या नव्हत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. सासरे पुढे आजारपणात गेले. त्यांनी कचेरीच्या हर्रासात बोली लावून आणलेलं सामान वर तसंच पडून राहिलं. दोन लोखंडी पलंग, टेबल, खुर्च्या आणि एक भलंमोठं कपाट.

भूकंपाला सहा-सात वर्षं झाली होती आणि आमची गल्ली ओळखू येईना. जिकडे तिकडे क्लासेसच्या पाट्या. दहावीचा निकाल लागला की देवणी, उदगीर, पार परभणीकडून पोरी बापाबरोबर खोली शोधत फिरायच्या. शेजारच्या काकूंनी तर गाडीच्या जागेला भिंत घालून तीन मुली ठेवल्या. मी ह्यांच्या मागे लागले की आपणही वरची खोली देऊ. हे म्हणाले, "आईला विचार."

आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "खोली द्यायला माझी ना न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तो गंज बघून कोण पोरगी राहील? भंगारवाल्याला बोलव आधी."

मी बोलावणारही होते. पण उन्हाळ्यात माहेरी गेले, तिथून एक दिवस नांदेडला मामाकडे. त्यांच्या स्वयंपाकघरात डाळिंबासारखा लाल फ्रिज. मी विचारलं, नवा का? "जुनाच, रंगवलाय," मामेभाऊ हसला आणि त्याने फवाऱ्याच्या रंगाचा एक डबा माझ्या हातात दिला. "हलव आणि वरचं बटण दाब." मी अंगणातल्या पत्र्यावर दाबलं. फुस्स झालं आणि गंजका पत्रा बघता बघता लाल झाला. ब्रश नाही, बादली नाही, काही नाही. मला वरच्या खोलीतलं ते कपाट डोळ्यांपुढे दिसायला लागलं. संध्याकाळ होईपर्यंत मी दुकान गाठून मोरपंखी रंगाचे डबे घेतलेसुद्धा.

एसटीत पिशवी मांडीवर होती. खड्डा आला की डब्यांतल्या रंग ढवळायच्या गोळ्या खडखड वाजायच्या. शेजारची बाई अहमदपूरपर्यंत पिशवीकडे बघत होती, मग म्हणाली, "काय हाय वो त्यात?"

"रंग."

"रंगाला दाणे असतात व्हय?"

मी तिला लातूर येईस्तोवर सगळं समजावून सांगितलं. उतरताना तिने दुकानाचा पत्ता घेतला.

दुसऱ्याच दिवशी जिन्यातल्या कुंड्या बाजूला केल्या. एक खुर्ची खोलीपुढच्या गच्चीत काढली, पॉलिशपेपरने घासघासून गंज उतरवला, पुसली आणि भर दुपारी रंग मारला. अशी झळकली की मी तिच्याभोवती दोनदा फिरून आले. मग हात धुवायला खाली गेले. परत येऊन बघते तर खुर्चीवर बारीक पिवळट लव उगवलेली. आमच्या मागेच डाळमिल होती. वारा फिरला आणि तुरीचा सगळा भुसा ओल्या रंगावर येऊन बसला.

ह्यांनी संध्याकाळी बघितलं आणि म्हणाले, "फोडणी तेवढी राहिली."

आत्याबाई हसल्या नाहीत. मी खाली आणलेल्या खुर्चीवरून त्यांनी बोट फिरवलं. "रंग लई चांगला हाय," त्या म्हणाल्या. "मिलला सुट्टी कवा असती?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या जुन्या साड्या माझ्या खांद्यावर टाकल्या. गच्चीत खोलीच्या भिंतीला लागून दोरी बांधून मी उरलेल्या तिन्ही बाजूंनी साड्या सोडल्या. आत एक लहानसा मांडव तयार झाला. खुर्ची पुन्हा घासून रंगवली, टेबल झालं, पलंग झाले. एकेक वस्तू वाळली की मी कठड्यावरून ओरडून सांगायचे आणि आत्याबाई अंगणातून मान वर करून विचारायच्या, "कसं दिसतंय? कोपरे भरले का? पाठीमागून मारलंस का?"

शेवटी कपाट. ह्यांनी आणि मी ते ढकलत दाराबाहेर मांडवात आणलं, पण खाली नेऊन दाखवणं शक्यच नव्हतं. मी उतावीळपणे डबा फार जवळ धरला आणि दारावर रंगाचे ओघळ आले.

"काय झालं गं? गप का बसलीस?"

"ओघळ आले."

"कुठं? किती?"

मी उत्तर द्यायच्या आत साडी बाजूला झाली आणि आत्याबाई आत आल्या. पदर खोचलेला, जिना चढून दम लागलेला. त्यांचं लक्ष फक्त कपाटाकडे.

"एका जागी धरून कसं चालंल? चाळणी एका जागी धरतो का आपण? वाळू दे हे, मग घास."

ऊन चांगलं तापलं होतं, रंग लवकर वाळला. घासून झाल्यावर त्यांनीच डबा घेतला. लांबून, हात हलता ठेवून त्यांनी पहिला पट्टा मारला, मग दुसरा. तिसऱ्याला त्या लहान पोरीसारख्या हसायला लागल्या. तेवढ्यात खालून भरलेला ट्रक गेला आणि कपाटाचं दार थरथरलं. त्यांचा हात थांबला. दुसरा हात खोलीच्या भिंतीवर गेला. आपण कुठे उभ्या आहोत हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"ट्रक आहे, आत्याबाई."

त्यांनी तळहाताने भिंत चाचपून बघितली. "हाव," त्या म्हणाल्या. "ट्रकच हाय." आणि डबा खडखडून पुन्हा कामाला लागल्या.

जूनमध्ये देवणीचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलगी दारातूनच सरळ कपाटापाशी गेली आणि त्याच्यात स्वतःचं अंधुक प्रतिबिंब बघायला लागली. वडिलांनी टिचकी मारून बघितली. "नवं घेतलं जणू?"

"न्हाई, आम्ही दोघींनी केलं," आत्याबाई म्हणाल्या. हे दारात उभे होते, तेही आमच्या बाजूने मान हलवून मोकळे झाले. मुलीने खिडकीजवळचा पलंग धरला, पाठोपाठ तिची मैत्रीण आली आणि खोली भरली.

आता आम्हाला थांबणं जमेना. जिन्याचा कठडा झाला, फाटक झालं. शेजारच्या काकू शिवणयंत्राचा सांगाडा घेऊन आल्या, समोरच्यांनी नातवासाठी जुना लोखंडी पाळणा आणून ठेवला. पाळण्याला कोणता रंग, यावरून आमचं वाजलं. मी म्हणत होते आकाशी, आत्याबाईंना हवा होता झेंडूसारखा पिवळा. भांडत भांडतच आम्ही ऑटोत बसलो आणि गंजगोलाईच्या बाजारात उतरून थेट रंगाच्या दुकानात शिरलो.

"पिवळ्यात काय काय हाय, सगळं काढा," आत्याबाईंनी दुकानदाराला सांगितलं आणि स्वतःसाठी स्टूल ओढून घेतलं.