गोवऱ्यांचं पोतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही—बायकोजवळसुद्धा नाही. तिनं दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी ताईला फोन केला असता. तुम्ही ताईला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांना फिरायला कुठं न्यावं, तर तलावाकाठच्या नव्या बागेत. बाग कसली! सिमेंटची हरणं, हिरवट पाणी आणि त्या पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढणारी माणसं. आम्ही त्यांतलेच. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि भाऊजी उमरेडकडच्या गावाहून येणार होते. आदल्या दिवशी भाऊजींचा फोन आला, "रोडगे लावू का गा तिथं? गोवऱ्या मी आणतो." कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी—आमच्याकडे चार माणसं झाडाखाली जमली की हेच. मी म्हटलं, "आणा की." का म्हटलं? नाही म्हणायचा कंटाळा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ताई उतरली आणि तिच्यामागून भाऊजी ऑटोतून उतरले. धुतलेलं धोतर, आणि खांद्यावर पोतं, त्यातून शेणाचा भुगा गळतोय. तिकडे व्याही अत्तर लावून गाडीतून उतरत होते. मला भाऊजींची किळस आली. हो, किळसच—ज्यांच्या सायकलवर मागे बसून मी शाळेत गेलो, त्यांची.

तिकिटं काढतो म्हणून मी पुढे गेलो आणि फाटकावरच्या गार्डच्या कानाशी लागलो. त्या म्हाताऱ्याच्या पोत्यात गोवऱ्या आहेत, आत चूल पेटवेल, सोडू नका. आणि माझं नाव घेऊ नका.

गार्डनं सगळ्यांसमोर पोतं रस्त्यावर उलटं केलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "तूच तं आणा म्हटलं होतं न गा?"

इथं तरी खरं बोलता आलं असतं, नाही का? मी हसलो. "मी? मी कशाला असं सांगीन, भाऊजी? तुमचा फोनच नाही आला मला."

त्यांनी खाली बसून गोवऱ्या वेचल्या आणि भिजवलेल्या कणकेचा डबा घेऊन ताई आणि ते परत गेले. आत आम्ही विकतचे सँडविच खाल्ले. विहीणबाई म्हणाल्या, रोडगे मिळणार म्हणून मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आमच्याकडे झाडाखाली जमलं की रोडगे होतातच, असं मुलीनं आपल्या मनानंच त्यांना सांगून ठेवलं होतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी एक साधा खोटारडा ठरलो असतो. पण ताईनं माझ्यावर विश्वास ठेवला. नवऱ्याला भ्रम होतोय असं ती धरून चालली. आता पोरं त्यांना बाजाराला एकटं पाठवत नाहीत, शेताचं काही विचारत नाहीत. आणि तो माणूसही स्वतःवर शंका घेऊ लागला आहे. ताई दर भाऊबीजेला माझी माफी मागते—माझी!

यंदाही ती ओवाळायला बसली आणि म्हणाली, "त्या दिवशी तुयी मान खाली गेली रे. त्याईच्या ध्यानात नाही राहत आता." कोपऱ्यातून भाऊजींनी हळूच विचारलं, "मी याले फोन केला होता का वं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी टिळ्यासाठी कपाळ पुढे केलं.