सांगावा देवाचा की मनाचा

सिस्टर काकींसमोर 'देवानं मला सांगितलं' असं म्हणायला छाती लागायची. म्हणणारा म्हणून मोकळा व्हायचा आणि काकी चष्मा नाकावर ओढून त्याच्याकडे बघत राहायच्या. त्यांची सगळी नोकरी अमरावतीच्या एका दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली होती. ताप आहे म्हणणाऱ्याचा ताप त्या मोजल्याशिवाय मानत नसत, मग देवाचा सांगावा कशाला मानतील?

आम्ही अकोल्यातले मॉर्मन, या ख्रिस्ती पंथाची मूठभर माणसं. भाड्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून रविवारची सभा. एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणायचं म्हणून त्या सिस्टर, आणि पिकल्या केसांच्या बाईला नुसतं सिस्टर म्हणायला आमची जीभ रेटत नाही म्हणून काकी. पवित्र आत्मा माणसाच्या मनात सूचना देतो ही आमची श्रद्धा. माझी ती अजून आहे. पण मनात आपली स्वतःची बडबडही चालू असते, आणि दोन्ही आवाज सारखेच वाटतात. सगळी भानगड तिथे आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असतो, पाण्याचा थेंबही न घेता. त्या दिवशी सभेत कुणीही उठून साक्ष द्यावी, म्हणजे देवाचा आपला अनुभव बोलून दाखवावा. एकदा ऐन मे महिन्यात एक तरुण ब्रदर उठला आणि म्हणाला, पातूरच्या अमुक सिस्टरशी लग्न कर असं देवानं मला सांगितलंय, छातीत ऊब दाटून आली. ती पोरगी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली. सभा सुटल्यावर काकींनी त्याला दारातच गाठलं.

"तिले सांगतलं का देवानं?"

"नाही, मलाच."

"मंग तिलेबी देव सांगीन तवा पाहू. आन् छातीतल्या उबेचं म्हनशीन, तर कालपासून पोटात अन्न नाई, बाहीर अंगार पडून राह्यला. घरी जाऊन पानी पे, बाप्पा."

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आपल्यावरही ही पाळी येईल, हे कुठे ठाऊक होतं!

काकींची एक पद्धत होती. उपास धरायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या वहीच्या डाव्या पानावर लिहायचं, मला काय पाहिजे. सभेनंतर उजव्या पानावर लिहायचं, मला काय ऐकू आलं. दोन्ही सारखं निघालं की काकी वही मिटायच्या. "हे तुहंच हाय. पुढच्या उपासापर्यंत थांब."

ही पद्धत कुठून आली तेही त्या सांगायच्या. एकदा ड्युटी संपवून त्या चपला घालत होत्या. पाय सुजलेले, घरी जायची घाई. तेवढ्यात मनात आलं, वॉर्डात परत जा. जिवावर आलं, तरी गेल्या. एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. बाई वाचली. "खरा सांगावा आपल्या सोईचा नसते, पोरी," काकी म्हणायच्या. एका अनुभवाचा त्यांनी कायदा केला, आणि आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

माझा मोठा भाऊ तेल्हाऱ्याला शाळेत लिपिक होता. मी घरचा बौद्ध धम्म सोडून बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. "आजोबानं गावाचा मार खाऊन धम्म घेतला, आन् तू?" एवढं बोलून त्यानं दार लावलं ते लावलंच. सहा वर्षं माझ्या वहीच्या डाव्या पानावर एकच ओळ होती: दादानं बोलावं.

एका उपासाच्या रविवारी, प्रसादाच्या भाकरीचा तुकडा तोंडात घेताना (उपासात तेवढाच चालतो), मनात स्वच्छ उमटलं: आजच तेल्हाऱ्याला जा. सभा संपताच मी वही घेऊन काकींकडे गेले. त्यांनी डावं पान पाहिलं, उजवं पाहिलं.

"तुले हेच पायजे होतं ना? मंग थांब."

मी थांबले. गुरुवारी दादा शाळेच्या आवारात कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

वहिनी म्हणाली, "रविवारी तुमची लय आठवण काढली त्यायनं." मयताच्या घरी माणसं असं बोलतातच, हे मला कळतं. पण खरं असेल तर? आमच्या मंडळींचे फोन आले, देवाची योजना असते म्हणाले. त्यांची थोबाडं फोडावीशी वाटली. एकट्या काकी बस धरून तेल्हाऱ्याला आल्या, अंगणाच्या कडेला बसून राहिल्या. मी सगळ्यांदेखत ओरडले, "तुमी मले अडवलं, काकी!"

"हो. अडवलं," त्या म्हणाल्या.

पुढे त्या लेकीकडे अमरावतीला गेल्या. मी वर्षभर फिरकले नाही. लेकीनं फोन करून काकींचं काही खरं नाही म्हटल्यावर गेले. त्या पलंगावर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या.

"तो सांगावा खरा होता का वो?" त्यांनीच विषय काढला.

"मले नाई माहीत."

"मलेबी नाई. पन मी लय इचार केला. सख्ख्या भावाकडं जायाले देवाची परवानगी कायले लागते?"

मी चिडून म्हटलं, "मंग हे त्या रविवारी कावून नाई सांगतलं?"

"त्या रविवारी मले समजत नव्हतं." त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. आठवड्यानं त्या गेल्या.

माझा काकींवर राग आहे हे मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. तो खोटा नाही. पण पुरतं खरं सांगायचं तर, त्या दिवशी हॉलमधून निघून मला सरळ स्टँडवर जाता आलं असतं. तेल्हाऱ्याच्या बस संध्याकाळपर्यंत होत्या. मी काकींकडे वळले, कारण दादा पुन्हा तोंडावर दार लावील याची मला भीती वाटत होती, आणि काकी 'थांब' म्हणतील हे मला पक्कं ठाऊक होतं.