फुफाजींनी सिकंदर मान्य केला

जगाच्या इतिहासात कोण खरं मोठं आणि कोण नुसतंच गाजलेलं, याचा निकाल ऐंशीच्या दशकात लंडनला किंवा दिल्लीला लागत नव्हता. तो बालाघाटला, छोट्या लाइनच्या स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीवर लागायचा, आणि लावणारे होते आमच्या आत्याचे यजमान. रीतीनं त्यांना आतोबा म्हणायला हवं. पण आमच्या गावात हिंदी घरात दारातून येत नाही, भिंतींतून झिरपते. म्हणून ते आमचे फुफाजी, आणि आमचे म्हणून सगळ्या गावाचे. तहसील कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा सत्काराला उत्तर देताना त्यांनी समोर बसलेल्या साहेबालाच विचारलं होतं, "जगावर सगळ्यात जास्त असर कोनाचा झाला, सांगा बरं?" साहेबानं घाबरून कलेक्टरांचं नाव घेतलं. पुढे जन्मभर फुफाजी त्या साहेबाला 'तो बिचारा' म्हणत.

उकव्याच्या बसमध्ये त्यांनी हा विषय काढला की ड्रायव्हर ऐन घाटात मागे वळून मत द्यायचा, म्हणून कंडक्टर त्यांना हात धरून शेवटच्या सीटवर नेऊन बसवी. लालबर्र्याच्या एका लग्नात तर मुलीच्या काकांनी सहज न्यूटनचं नाव काढलं. फुफाजींनी मुठीतल्या अक्षता त्यांच्या नाकासमोर धरल्या. "फळ खाली पडते हे मानसाले आधीच माहीत होतं, व्याही. पन ज्यानं पयल्यांदा धानाचं रोप उपटून चिखलात रोवलं, तो मोठा काहून नाही? तो नसता तं तुम्ही आज पंगतीत काय वाढलं असतं, सफरचंद?" मुहूर्त टळला, भटजी धानाच्या बाजूनं बसले, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण अंतरपाटाच्या अल्याडपल्याड नवरा-नवरीही दोन वेगवेगळ्या पक्षांत होते. आत्या या सगळ्याकडे फार शांतपणे पाही. म्हणे, "आधी गिरनीवरून दयन आना, मग जग चालवा."

या धान रोवणाऱ्या बिननावाच्या माणसाला जगात एकच तोलामोलाचा विरोधक होता, सिकंदर. आणि सिकंदराचे वकील होते तिवारीजी. हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. तिवारीजी हिंदीत भांडत, फुफाजी मराठीत. भाषा दोघांनाही दोन्ही समजायच्या, फक्त म्हणणं पटायचं नाही. "अरे, जिसका नाम ही नहीं, वो बड़ा कैसे?" तिवारीजी कपबशी आपटून विचारत. "नाव नाही म्हनूनच मोठा! नाव तं तुमच्या सिकंदराले पाह्यजे होतं," असं फुफाजी. बाकी गाव या वादात येऊन-जाऊन असे. गावातले इतर लोक फुफाजींना पाच मिनिटांत कंटाळून "हौ हौ" करत आणि सटकत. सटकत नव्हते ते एकटे तिवारीजी. फुफाजींना ना पोर ना बाळ, ना शेत ना वाडी. इस्टेट म्हणावी तर हा एक न पटणारा माणूस, एवढीच.

आणि त्या इस्टेटीलाच एका हिवाळ्यात धक्का बसला. तिवारीजींच्या छातीत कळ आली आणि ते अंथरुणाला खिळले. मी आणि फुफाजी भेटायला गेलो तर त्यांच्या मुलानं फाटकातच गाठलं. हात जोडून म्हणाला, "फुफाजी, डाक्टर ने मना किया है। बाबूजी से बहस मत कीजिएगा। जो कहें, हाँ कह दीजिए। दिल पर ज़ोर पड़ा तो..."

फुफाजी अंगणातच थांबले. मान हलवून 'हौ' म्हणायचा सराव करू लागले. एखाद्या पहिलवानानं भरतकाम शिकावं, तसं ते दिसत होतं.

आत गेलो. तिवारीजी उशीला टेकून बसले होते. फुफाजींना पाहताच गालांवर रक्त आलं. "आइए, आइए! दो दिन से किसी से झगड़ा नहीं हुआ। हाँ, तो सिकंदर?"

फुफाजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि चक्क हिंदीत म्हणाले, "आप ही सही थे, तिवारीजी। सिकंदर ही सबसे बड़ा।"

तिवारीजी त्यांच्याकडे बघत राहिले. हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. हात हळूच सोडवून घेत म्हणाले, "अच्छा। तो डाक्टर ने आपको भी बता दिया।" आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

रस्त्यावर येईपर्यंत फुफाजी झपझप चालले. मग एकदम थांबले. "बाबू, मी हे काय करून बसलो? त्याले जे घरच्यांनी सांगतलं नव्हतं, ते मी सांगून आलो." घरी आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकायीच जा आन् भांडून या. डाक्टर बोंबलला तं बोंबलू द्या."

सकाळी फुफाजी दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून निघाले. वाटभर मला मुद्दे ऐकवत होते. इतके कडक मुद्दे मी आयुष्यात ऐकले नव्हते. तिवारीजींच्या दारात चपलांचा ढीग होता. पहाटेच आटोपलं होतं.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर घाटावरच शोकसभा होते. चौघं चार शब्द बोलतात, सगळे क्षणभर स्तब्ध उभे राहतात आणि घरी जातात. त्या दिवशी कोणी तिवारीजींना मितभाषी म्हटलं, कोणी अजातशत्रू. फुफाजी उठले. लोकांकडे त्यांनी पाठ केली आणि चितेकडे तोंड.

"तिवारीजी, काल मी खोटं बोललो. सिकंदर पयला नाही. दहावा बी नाही. तो आला, लढला, वापस गेला. धान अजून इथंच हाये, या नदीच्या दोन्ही काठाले पाहून घ्या. मी काही मान्य नाही केलं. आयकून राह्यले ना?"

माणसं कुजबुजली. मुलगा पुढे झाला, "फुफाजी, बस कीजिए।"

"थांब रे बेटा," फुफाजी म्हणाले. "आता त्यांची पाळी हाये."

ते हात मागे बांधून, मान किंचित कलती करून उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. वैनगंगेवरून वारा आला, धूर आमच्याकडे वळला, आणि डोळे चोळायला सगळ्यांनाच निमित्त मिळालं. फुफाजी तेवढे हलले नाहीत. समोरच्याचं बोलून होईस्तोवर मध्ये तोंड घालायचं नाही, एवढी एक रीत ते वादात पाळत आले होते.