बंधूंच्या ट्रकची प्रतिकृती

मी, नागोराव मारोती पांचाळ, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी पास, व्यवसाय सुतारकाम, राहणार मुदखेड, घडले तेच या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो.

माझे थोरले बंधू सैन्यात ट्रक चालवीत. ते तरुणपणीच सीमेवर कामी आले. अलीकडे टीव्हीवर एका युद्धपटात तसाच ट्रक दिसला. तो पाहून मी सागवान आणि तेलाच्या डब्याचा पत्रा वापरून हातभर लांबीची प्रतिकृती तयार केली. आज ती एसटीत मांडीवर घेऊन पत्नीसह अहमदपूरला वहिनींकडे गेलो.

वहिनींनी चाके फिरवून पाहिली. मग चष्मा पुसला आणि पुढच्या काचेशी डोळा नेला.

"भाऊजी, गाडी लई झाक केली. पर ह्यात हे बसायचे कुठं?"

चित्रपटात केबिनच्या आतले काही दिसत नव्हते. म्हणून मी केबिन भरीव लाकडाची करून काचेच्या जागी काळा रंग दिला होता. तसे मी सांगितले.

"मी त्यांना गाडी चालवताना एकदा बी पाह्यलं न्हाई. आज दिसतील म्हणलं."

केबिन कोरून देतो, असे मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या बी ध्यानातून गेले म्हणायचे ते."

जन्मभरात एकाही गिऱ्हाइकाने माझ्या कामात खोट काढली नाही. वहिनींना मी काय उत्तर द्यावयास हवे होते, ते आपणांपैकी कोणी सांगावे.

या वेळी माझी पत्नी गयाबाई समक्ष हजर होती.