कोणाच्या हातून

आमच्या गोदामात कपबशा येतात, तपासल्या जातात, खोक्यात बसतात आणि निघून जातात. तपासणारे एकच, टिचकीकाका. खरं नाव पगारपत्रकात आहे, ते तिथेच राहिलं. काका कपाच्या कानात एक बोट घालून तो लटकवत आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारत. चांगला कप वाजतो. तडा गेलेला नुसता ठक् करतो, मग डोळ्याला तडा दिसो वा न दिसो. दिवसाला हजार-बाराशे टिचक्या, अशी एकतीस वर्षं. त्या बोटाचं नख जाड आणि पिवळं पडलं होतं.

मी तिथली टायपिस्ट. समोरच्या टेबलावर बसून डॅमेजचे फॉर्म टाइप करते, आणि एकोणीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला कशाचंच नवल वाटेनासं होतं. फॉर्म इंग्रजीत आहे. वस्तू, नग, कारण आणि शेवटी, कोणाच्या हातून.

डॅमेज या एका शब्दावरून काकांची भारी किरकिर. नवीन माणूस काहीही फुटकं दिसलं की डॅमेज म्हणायचा, आणि काका हातातलं काम खाली ठेवून त्याची शिकवणी घ्यायचे. कारखान्यातूनच तडा घेऊन आला तो रिजेक्ट. शाबूत आला आणि आपल्याकडे फुटला तरच डॅमेज. म्हणजे डॅमेज म्हटलं की त्यात कोणाचा तरी हात आला, उगाच कोणाच्या माथी मारू नका. एकदा मॅनेजर पॅकिंगच्या ताईंचा गुडघा डॅमेज झालाय म्हणाले, तेव्हा काकांनी त्यांनाही सोडलं नाही. माणसाला इजा होते साहेब, डॅमेज मालाला. मी मनात म्हटलं, झालं, आता चहा गार होईपर्यंत हेच.

यंदा एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनकडून दोनशे बारा कप परत आले. गरम चहा ओतला की तडकत होते. मॅनेजरांनी खोकी बघितली, ताईंकडे बघितलं आणि खापर फोडून मोकळे झाले. ताईंना आधीच दोन मेमो मिळाले होते. तिसरा मिळाला की घरी, असा नियम आहे, आणि त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. बारा वर्षं याच हातांनी भरतेय, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मॅनेजरांनी मला फॉर्म टाइप करायला सांगितला. कोणाच्या हातून, तर पॅकिंग. खाली तपासनिसाची सही हवी.

मला खरं काय ते माहीत होतं. दोन वर्षं काका माझ्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखत होते. टेबलावरचा फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. मग मी त्यांच्या टेबलावर पट्टीने ठोकायला लागले, म्हणजे लाकूड हललं की ते वर बघत. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, ती ढकलू, असा माझा हिशोब. दोन वर्षं मी कानांवर हात ठेवले आणि त्याला माया म्हणत राहिले.

फॉर्म घेऊन गेले. काकांनी तो वाचला. परत आलेल्या खोक्यातला एक कप काढून टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"वाजला?"

मी मान हलवली, नाही. त्यांनी फळीवरचा नवा कप घेतला, टिचकी मारली. मी म्हटलं, हा वाजला.

"मला दोन्ही सारखेच," ते म्हणाले. "हा माल डॅमेज नाहीच बाई. रिजेक्ट होता. मी पास केला."

सही न करता फॉर्म घेऊन ते स्वतःच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. ताईंचा मेमो टळला. काकांना दुसऱ्या दिवसापासून टिचकी बंद आणि डॉक्टरकडे तपासणी.

इथे मला एक सांगायलाच हवं. लाकडी पेट्यांना खिळे मारायचं यंत्र ज्या कॉम्प्रेसरवर चालतं, तो नऊ वर्षांपूर्वी माझ्या पाठीमागे होता. माझं डोकं ठणकायचं. मी तीन अर्ज दिले, भांडले आणि तो हलवून घेतला. दुसरी जागा एकच होती, काकांच्या खुर्चीमागे. असू द्या, तुम्हाला बरं वाटेल, असं ते म्हणाले. त्यानंतर कॉम्प्रेसर थांबला की तेवढ्या वेळात ते भराभर टिचक्या मारत. मला ते बघून हसू यायचं.

परवा काका आपला चष्मा आणि डबा न्यायला आले. डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे ठेवून वाचा म्हणाले. दोन्ही कान, बरीच वर्षं मोठा आवाज, आणि मग तो शब्द.

"नीट बघा बाई. डॅमेजच लिहिलंय?"

मी मान डोलावली. मला वाटलं आता डॉक्टरची शिकवणी होणार, माणसाला इजा होते म्हणून. पण ते थकले होते, मीही थकले होते.

"म्हणजे शाबूत आले होते," ते म्हणाले. मग एकतीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "कोणाच्या हातून, ते लिहिलंय?"

त्यांच्या रिकाम्या खुर्चीमागे कॉम्प्रेसर सुरू झाला. मी दचकले, ते नाहीत. मी कागदाकडे बघत म्हटलं, "माझ्या."

"वर बघून बोला बाई. मला कळत नाही."

मी वर बघितलं. कॉम्प्रेसरकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि पुन्हा म्हटलं. काकांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. मग वळून त्या यंत्राकडे बघितलं.

"पण डोकं दुखायचं थांबलं ना तुमचं?"

थांबलं होतं. मी नुसती मान डोलावली.